चौथं रीळ

सोमवारपासून रोज तो आला, तिकीट काढून.
मालक म्हणाले, अहो ईनस, स्वतःच्याच सिनेमाला पैसे देता?
कुणीतरी द्यायला हवेत, तो म्हणाला,
आणि पंचवीस सेंट काचेखालून सरकवले
डाव्या हातानं.

पडद्यावरचा ईनस लेडफर्ड उजवा होता.
वीतभर उंच, दात पांढरेशुभ्र,
प्रार्थना करताना वर बघायचा, जिथं त्यांनी दिवा टांगला असेल तिथं.
आमचा ईनस खाली बघतो.
विहिरी खणणारा माणूस;
देव लागला तर खालीच कुठंतरी लागेल, या हिशेबानं.

मी केबिनमध्ये, कार्बनच्या कांड्यांच्या धगीत,
भोकातून बघायचो ते पडदा कमी आणि त्याचं टक्कल जास्त.
पहिल्या रिळात खोरं, चर्च, खेचर.
लोक आपलं कुंपण ओळखून टाळ्या वाजवत,
ते कॅलिफोर्नियात पुठ्ठ्याचं उभारलेलं, हे ठाऊक असून.
दुसऱ्यात तो अर्ज लिहितो: माझ्यानं माणूस मारवणार नाही.
वळणदार अक्षरात लिहितो.
खरा अर्ज डेल्फियानं लिहिला होता. ह्याला तेव्हा
स्वतःच्या नावापलीकडे अक्षर येत नव्हतं.
अर्ज तीनदा परत आला, तेवढं मात्र खरं घेतलंय.
तिसऱ्यात जहाज, चिखल, फ्रान्स.

चौथ्यात टेकडी.
तो एकटा, बंदूक खांद्याला,
समोर राखाडी डगले. एक पडतो, दुसरा पडतो,
लांबून, नीटनेटके,
कापणीतल्या मक्यासारखे.
संगीत एवढं मोठं की माझ्या केबिनची काच वाजायची.
चौथं रीळ संपलं की ईनस उठायचा.
पदक, बँड, भेट मिळालेली जमीन
बाकीच्यांनी बघायची.

लॉबीत भरतीचं टेबल मांडलेलं.
ऑक्टोबर, एक्केचाळीस साल.
कोरे फॉर्म, टाक, दौत.
जाता जाता तो दौतीचं झाकण लावायचा.
सार्जंट पुन्हा उघडायचा.
दोघंही काही बोलायचे नाहीत.

गुरुवारी तो शेवटपर्यंत बसला,
आणि मग जिना करकरला.
पाइप विझवा, मी म्हटलं, ही फिल्म म्हणजे बंदुकीची दारू.
त्यानं बोट घालून विझवला. म्हणाला,
व्हर्जिल, तू कापतोस ना हे?
तुटलं तरच. तेवढं कापायचं, जोडायचं.
मग तो चष्मेवाला तू कापलास?

कुठला चष्मेवाला?

टेकडीच्या पायथ्याचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
वीस हातांवर होता. काहीतरी म्हणाला,
मला त्यांची भाषा येत नाही.
पंचवीस जण लांब होते, त्यांचं काय सांगू.
हा जवळ होता.
इतकी वर्षं रोज दिसायचा, आता दोन वर्षं झाली,
चष्मा दिसतो, मागचं तोंड दिसत नाही.
वाटलं, एवढा पैसा ओतला ह्यांनी,
घरी येऊन माझी कुदळसुद्धा मोजून नेली,
त्यालाही आणला असेल.

मला सांगता आलं असतं.
मी तंबाखूचा डबा काढला,
तुटलेले तुकडे ठेवतो तो, आणि त्याच्यापुढं ठेवला.
एकेक तुकडा त्यानं बल्बसमोर धरला.
ढग.
पुलाचा कठडा.
नायिकेचं मनगट, पुढं हात नाही.
पुन्हा ढग.
मग खेचर, कान मागे टाकून उभं.
त्याच्यापाशी तो बराच वेळ थांबला.
हे हुबेहूब, म्हणाला. जुबल नाव होतं.
ते अडून बसायचं तिथं पाणी लागायचं.
घ्या की, मी म्हटलं.
त्यानं ते तीन इंच खेचर वरच्या खिशात ठेवलं,
गुंडी लावली.

उद्याही हेच?
शनिवारपर्यंत.
येतो मग, तो म्हणाला. तू कापू नकोस काही.

दिवा मालवून मी अंधारात थांबलो.
सार्जंट केव्हाच गेला होता.
खाली, रिकाम्या लॉबीत,
दौतीचं झाकण लागल्याचा आवाज आला.